लोणारचा गाळ आणि दुष्काळाचा इतिहास

महाराष्ट्राच्या प्राचीन पर्जन्यमानाविषयी लिखित साधने फारशी बोलत नाहीत. दुर्गादेवीच्या दुष्काळाची (इ. स. १३९६–१४०७) स्मृती परंपरेने जपली, त्यामागील काळासाठी मात्र अभ्यासकास तळ्यांच्या गाळाकडे वळावे लागते.

लडाखमधील त्सो मोरिरी, त्सो कार या उंचावरील खाऱ्या सरोवरांच्या गाळाचा असा अभ्यास झाला आहे. तथापि तेथे बर्फाचे पाणी व पश्चिमी वारे यांचा हिशेब पावसात मिसळलेला असतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हा त्या मानाने सरळ साक्षीदार होय. उल्काघाताने झालेल्या या विवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. आत येते ते मुख्यतः मोसमी पावसाचे व झऱ्यांचे. पाऊस हटला की पाणी आटते, क्षार दाट होतात आणि गाळात गेल्युसाइटचे, म्हणजे सोडियम व कॅल्शियम यांच्या सजल कार्बोनेटचे, स्फटिक धरतात.

२००८ मध्ये येथून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढण्यात आला. सुषमा प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली त्यावरून दोन दीर्घ शुष्क कालखंड दाखविले: स्थूलमानाने इ. स. पू. २६५० ते १९५० आणि इ. स. पू. ५० ते इ. स. १३५०.

इतिहासाची खरी अडचण येथून सुरू होते. घोड नदीकाठच्या इनामगाव येथील उत्तर जोर्वे वस्तीत इ. स. पू. १००० च्या सुमारास चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. मधुकर ढवळीकरांनी या अवनतीचे कारण वाढत्या शुष्कतेत शोधले. परंतु ती शतके लोणारच्या दोन्ही शुष्क कालखंडांच्या मध्ये पडतात. उलट दुसऱ्या कालखंडात वाकाटकांचे अजिंठा, राष्ट्रकूटांचे कैलास लेणे, इतकेच नव्हे तर खुद्द लोणारचे दैत्यसूदन मंदिर उभे राहिले!

याचा अर्थ ढवळीकरांचे मत बाद झाले असा नव्हे. घोडेचे खोरे आणि लोणार यांत बरेच अंतर आहे. शिवाय गाळ सांगतो तो शतकांचा सरासरी कल. पीक बुडते ते एका सालाच्या पावसाने. चौदाशे वर्षांच्या शुष्क कालखंडात सुकाळाची अनेक वर्षे सामावू शकतात, त्याचप्रमाणे ओल्या शतकातही दोन-तीन मृगे कोरडी जाऊ शकतात. दुर्गादेवीचा दुष्काळ, कालगणनेतील चुकीची मर्यादा सोडली तर, शुष्क कालखंड संपल्यानंतरचाच ठरतो.