एक शर्यत, तीन पुस्तकं आणि साक्षीदार नसलेला समुद्र



आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं शिडाच्या होड्यांवर काय बोलायचं? शंका रास्त आहे. पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा एक जुना प्रश्न या होड्यांच्या पुस्तकांत जितका लख्ख दिसतो, तितका तो आमच्या पाठ्यपुस्तकांतही दिसत नाही. प्रश्न असा: जिथं पाहणारा दुसरा कुणीच नव्हता, तिथली हकिकत सांगणाऱ्याच्या शब्दावर आपण विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

आधी थोडी पार्श्वभूमी पाहू. एकट्यानं शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. 1895 साली तो बोस्टनहून ‘स्प्रे’ नावाची नौका घेऊन निघाला आणि 1898 मध्ये परतला. 1900 साली त्याचं पुस्तक आलं आणि एका नव्या साहित्यप्रकाराची सुरुवात झाली: एकटा माणूस, एक नौका आणि परत आल्यावर लिहिलेलं पुस्तक. स्लोकम वाटेत बंदरोबंदरी थांबत गेला होता. पुढे 1966-67 मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर या साठी उलटलेल्या इंग्रज गृहस्थानं फक्त सिडनीला एक मुक्काम करून ही फेरी पूर्ण केली. आता राहिलं काय? एकट्यानं, कुठंही न थांबता, कुणाची मदत न घेता जगाला वळसा घालणं.

लंडनच्या ‘संडे टाइम्स’नं 1968 साली त्याचीच शर्यत जाहीर केली. पहिल्या येणाऱ्याला ‘गोल्डन ग्लोब’ हा चषक आणि सर्वांत कमी दिवसांत येणाऱ्याला 5,000 पौंड. 1 जून ते 31 ऑक्टोबर या काळात ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं निघावं. उमेदवाराला नौकानयन येतं का, याची परीक्षासुद्धा ठेवलेली नव्हती. नऊ जण निघाले, एक परत आला. या शर्यतीतून पुढे बरीच पुस्तकं निघाली. त्यातली तीन आपण आज पाहणार आहोत.

पहिलं पुस्तक परत आलेल्याचं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, वय 29, व्यापारी जहाजावरचा अधिकारी. त्याची ‘सुहेली’ ही 32 फुटांची नौका आपल्या मुंबईत बांधलेली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सागवानी लाकूड, इथलेच सुतार आणि वाकस, दोरीच्या ओढीवर फिरणारं गिरमीट अशी त्यांची पिढीजात हत्यारं. ‘सुहेली’ हे इराणच्या आखाताकडच्या वाऱ्याचं नाव. याच नौकेतून तो मुंबईहून मायदेशी गेला होता. नवी, वेगवान नौका बांधायला पैसे मिळेनात, म्हणून हीच घेऊन तो 14 जून 1968 रोजी फालमथहून निघाला.

त्याच्या पुस्तकात तत्त्वज्ञान औषधालाही नाही, आणि आम्हाला ते त्याचसाठी आवडतं. तळाच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येऊ लागतं, तेव्हा हा गृहस्थ भर अटलांटिकमध्ये नौकेखाली बुडी मारून सांधे बुजवतो. शार्क घिरट्या घालू लागतो, तेव्हा वर येऊन त्याला गोळी घालतो आणि पुन्हा खाली जातो. पुढे रेडिओ बंद पडतो. वारा धरून नौका आपोआप वळवणारं यंत्र मोडतं, तरी तो चालतच राहतो. कित्येक महिने त्याचा पत्ता नव्हता. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, तो निघाला त्याच बंदरात परत आला. लिहितानाही त्याची रीत तीच: हे मोडलं, असं दुरुस्त केलं, पुढे गेलो.

दुसरं पुस्तक न परतलेल्याचं, पण स्वखुशीनं न परतलेल्याचं. बर्नार्ड मोतेसिए हा फ्रेंच माणूस. जन्म हनोईचा, बालपण व्हिएतनाममधलं. त्याच्या पोलादी नौकेचं नाव ‘जोशुआ’, अर्थात स्लोकमच्या स्मरणार्थ. फेब्रुवारी 1969 मध्ये त्यानं दक्षिण अमेरिकेचं टोक, म्हणजे केप हॉर्न ओलांडलं. आता फक्त अटलांटिकमधून वर जायचं होतं. वेगाचं बक्षीस त्याच्या आवाक्यात होतं. आणि हा गृहस्थ उत्तरेला वळलाच नाही! केपटाऊनजवळ एका जहाजावर त्यानं गलोलीनं निरोप भिरकावला. निरोपाचा आशय असा, की मी न थांबता पॅसिफिककडे जातो आहे, कारण समुद्रावर मी सुखी आहे. जगाला जवळजवळ दीड फेरी मारून जूनमध्ये तो ताहितीला पोचला. त्याचं पुस्तक 1971 साली फ्रेंचमध्ये आलं.

आपल्याकडच्या वाचकाला ते ओळखीचं वाटतं. त्यात योगासनं आहेत, मौन आहे, फळाची अपेक्षा सोडणं आहे. पण भारावून जाऊ नका. किनाऱ्यावर त्याची बायको वाट पाहत होती, हेही आपण विसरू नये. संन्यासाचा हिशेब घरच्यांच्या बाजूनंही मांडायचा असतो.

आता तिसरं पुस्तक. हे ज्याच्याबद्दल आहे, त्यानं ते लिहिलेलं नाही. डोनाल्ड क्रोहर्स्ट हा इलेक्ट्रॉनिक्सचा छोटा कारखानदार. धंदा डबघाईला आलेला, घरी बायको आणि चार मुलं. नौकेसाठी पैसे देणाऱ्याशी करार असा, की शर्यत सोडली तर नौका यानंच विकत घ्यायची, म्हणजे दिवाळं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, अर्धवट तयार नौका घेऊन तो निघाला. थोड्याच आठवड्यांत त्याच्या लक्षात आलं, की ही नौका दक्षिण महासागरात टिकणार नाही. पुढे गेलं तर मरण आणि मागे फिरलं तर कर्ज.

त्यानं तिसरी वाट काढली. डिसेंबरपासून तो खोट्या ठिकाणांचा हिशेब ठेवू लागला. स्वतः अटलांटिकमध्येच घुटमळत राहायचं, जगाला वाटू द्यायचं की आपण प्रदक्षिणा घालतो आहोत, आणि बाकीचे परतू लागले की त्यांच्या मागोमाग शर्यतीत घुसायचं. जानेवारीनंतर कित्येक आठवडे त्यानं रेडिओ बंद ठेवला. दुरुस्तीसाठी नियम मोडून तो अर्जेंटिनाच्या किनाऱ्यावरही उतरला. इथं एक तांत्रिक गोष्ट समजून घेऊ. त्या काळी समुद्रात आपण कुठं आहोत हे सेक्स्टंटनं सूर्याची उंची मोजून काढत. खोटी नोंद करायची तर हे गणित उलटं करावं लागतं: आधी ठिकाण कल्पायचं आणि मग तिथून सूर्य किती उंच दिसला असता ते काढायचं. ते खऱ्या गणितापेक्षा अवघड असतं. खोटं बोलायला अक्कल जास्त लागते, ही आपल्या आजीची शिकवण इथं गणितानं सिद्ध होते.

त्याचा बेत असा, की आपण दुसरे-तिसरे यावं, म्हणजे वह्या कुणी बारकाईनं तपासणार नाही. पण क्रोहर्स्ट पाठीवर आहे या समजुतीनं नायजेल टेटली या स्पर्धकानं आपली खिळखिळी नौका ताणली आणि 21 मे रोजी ती बुडाली. टेटली वाचला, पण आता वेगाचं बक्षीस क्रोहर्स्टच्याच गळ्यात पडणार होतं. विजय हीच आपत्ती झाली. जूनच्या अखेरीस त्यानं वल्ही-शिडांचा नाद सोडून लिहायला घेतलं. आइन्स्टाइनचं सापेक्षतेवरचं पुस्तक सोबत होतं. काळ, ईश्वर, मनाची मुक्ती असं सुमारे 25,000 शब्दांचं लिखाण. शेवटची नोंद 1 जुलैची. 10 जुलैला एका जहाजाला ती नौका रिकामी सापडली. आत त्याच्या वह्या होत्या.

त्या वह्यांवरून निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल या पत्रकारांनी 1970 साली पुस्तक लिहिलं. दोघेही ‘संडे टाइम्स’चेच, म्हणजे शर्यत भरवणाऱ्या वृत्तपत्राचेच. त्यांनी क्रोहर्स्टला खलनायक केलं नाही आणि त्याच्यावर पांघरूणही घातलं नाही. वाढवून बातम्या छापणाऱ्या वृत्तपत्री जगाचा वाटाही त्यांनी दाखवून दिला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण आहे. विश्वासार्ह माणसाचा, म्हणजे आप्ताचा शब्द. आप्त कोण? वात्स्यायनानं भाष्यात सांगितलं आहे, की ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू आहे, असंही तो म्हणतो. म्हणजे आप्तपणा जन्मावर ठरत नाही, आणि नुसत्या ज्ञानावरही ठरत नाही. क्रोहर्स्टला आपण कुठं आहोत हे नेमकं ठाऊक होतं. त्याच्याकडे ज्ञान होतं, सांगण्याची इच्छा नव्हती.

पण एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. खऱ्या ठिकाणांच्या नोंदी त्यानं नष्ट केल्या नाहीत. अख्खा महासागर शेजारी होता, एका क्षणात त्या बुडवता आल्या असत्या. त्या नौकेवर राहिल्या म्हणून तर सत्य कळलं. त्याच्या मनात काय होतं हे वह्या सांगत नाहीत. पण जगाला फसवणाऱ्यालाही स्वतःशी एक खरी वही ठेवावी लागली, एवढं त्या निश्चित सांगतात. आणि नॉक्स-जॉन्स्टननं काय केलं? एकटाच परतल्यामुळे त्याला मिळालेले ते 5,000 पौंड त्यानं क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

ही कथा आपल्या किनाऱ्यावरही आली आहे. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेनं नौदलानं सागर परिक्रमेचा उपक्रम घेतला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादई’ बांधली. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये, चार ठिकाणी थांबून, एकट्यानं प्रदक्षिणा केली. ती करणारे ते पहिले भारतीय. तयारीसाठी ते नॉक्स-जॉन्स्टनकडे गेले होते, आणि पुढे त्यांनीही पुस्तक लिहिलं. त्याच ‘म्हादई’तून अभिलाष टोमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता फेरी मारली. म्हणजे मुंबईच्या सुतारांनी ज्याला नौका दिली, त्याच्याकडून ती विद्या दोन पिढ्यांनी इकडे परत आली.

आज उपग्रह नौकेचं ठिकाण क्षणाक्षणाला सांगतो. क्रोहर्स्टसारखी लबाडी आता जवळपास अशक्य आहे. पण त्यामुळे माणसं जास्त खरी झाली, असं म्हणता येईल का? पाहारा ठेवला की खोटं कमी होतं. आप्तपणा मात्र पाहाऱ्यातून येत नाही. आपण सगळेच कुठली ना कुठली वही लिहीत असतो, घरखर्चाची, संशोधनाची, नोकरीतल्या हजेरीची, आणि तिथं बहुतेक वेळा पाहायला कुणी नसतं.

ही तीन पुस्तकं वाचायची तर आमची सूचना अशी, की नॉक्स-जॉन्स्टन आधी वाचा, मोतेसिए नंतर आणि क्रोहर्स्टचं शेवटी. उलट्या क्रमानं वाचलंत, तर पहिल्या पुस्तकातली फळी दुरुस्त करण्याची वर्णनं कंटाळवाणी वाटतील. तसं होऊ देऊ नका. सगळी भिस्त त्या फळीवरच आहे.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.