अबूकीरचा नांगर

शिडे उभारून समुद्रात चाललेल्या जहाजाबद्दल घरी राहिलेल्यांस काळजी वाटते. नांगर पडला की ती काळजी संपते, असा सर्वसाधारण समज आहे. या समजाची कठोर परीक्षा १ ऑगस्ट १७९८ रोजी भूमध्य समुद्राच्या दक्षिण काठी, मिसर देशातील अबूकीरच्या उघड्या उपसागरात झाली. त्या रात्रीचा वृत्तान्त नेल्सनच्या चरित्रांतून अनेकांनी वाचला असेल. आम्ही येथे पराक्रमाची कथा पुन्हा सांगू इच्छीत नाही. नांगराचा एक प्रश्न, आणि त्याच्या अनुषंगाने न्यायाचा एक प्रश्न, एवढेच वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

त्या वर्षी जुलैच्या आरंभी नेपोलियन बोनापार्टचे सैन्य अलेक्झांड्रियास उतरले. ते आणणाऱ्या आरमाराचे आधिपत्य ब्रुए या फ्रेंच सेनानीकडे होते. अलेक्झांड्रियाच्या जुन्या बंदराची वाट उथळ व अडचणीची. तीतून आपले १२० तोफांचे मुख्य जहाज लोरियां आत नेणे ब्रुएस धोक्याचे वाटले. बोनापार्टच्या आज्ञेत तीन पर्याय होते. साधल्यास बंदरात शिरावे. अबूकीरला नांगरून स्वसंरक्षण करता येत असेल तर तेथे राहावे. दोन्ही न साधल्यास कॉर्फू बेटाकडे जावे. ब्रुएने दुसरा पर्याय पत्करला. जहाजांवर अन्नपाण्याची टंचाई होती, आणि विहिरी खणून पाणी आणण्यासाठी खलाशांच्या टोळ्या किनाऱ्यावर पाठवाव्या लागत होत्या.

नांगराचे मर्म कोकणकिनाऱ्यावरील कोणाही तांडेलास ठाऊक असते. नांगर केवळ वजनाने जहाज धरीत नाही. त्याचा फाळ तळच्या वाळूत रुतावा लागतो, आणि दोराची ओढ आडवी पडली तरच तो रुतून राहतो. म्हणून पाण्याच्या खोलीच्या कित्येक पट लांब दोर सोडणे भाग असते. दोर आखूड ठेवावा तर लाटेच्या हिसक्याने नांगर उपटतो. लांब सोडावा तर वारा फिरेल तसे जहाज नांगराभोवती मोठे वर्तुळ घेते, आणि त्या वर्तुळात कोठेही खडक वा उथळ जागा असून चालत नाही. उघड्या उपसागरात सुरक्षित नांगरण्याचा हिशेब मुख्यतः याच दोन गोष्टींच्या मेळाचा आहे.

याच हिशेबात ब्रुएच्या नाशाचे बीज होते. त्याने आपली तेरा मोठी जहाजे उथळाच्या आश्रयाने एका रांगेत उभी केली. जमिनीकडील बाजू उथळ पाणीच राखील, असा त्याचा भरवसा होता. त्या बाजूच्या तोफा लढण्यास सज्जही नव्हत्या. परंतु जहाजे पुढच्या एकाच नांगरावर असल्यामुळे त्यांना फिरण्यापुरती जागा मोकळी सोडावी लागली, आणि जेथे फ्रेंच जहाज फिरू शकते तेथे इंग्रजी जहाजासही पाणी पुरणारच. वकिली भाषेत बोलावयाचे तर ब्रुएने बचावासाठी हजर केलेला कागदच प्रतिपक्षाचा पुरावा ठरला.

उपाय नव्हते असे नाही. पिछाडीकडून दुसरा नांगर टाकून जहाज जागच्या जागी बांधता येते. नांगराच्या दोरास पिछाडीकडून आणखी एक दोर जोडून, तो ओढून तोफा हव्या त्या दिशेस वळविता येतात. शेजारच्या जहाजांमध्ये दोरखंड ताणून मधली वाट बंद करता येते. यांपैकी शेवटचे दोन उपाय करण्याचा हुकूम ब्रुएने दिलाही होता. तो सर्व जहाजांवर पाळला गेला नाही.

संध्याकाळ होत आली असता शत्रू सकाळपर्यंत थांबेल, हा ब्रुएचा अंदाजही चुकला. गोलायथ जहाजाचा कप्तान फोली रांगेतील पहिल्या जहाजास वळसा घालून जमिनीच्या बाजूस शिरला आणि त्याच्यामागून आणखी चार जहाजे गेली. ही कल्पना मूळ फोलीची की नेल्सनची, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. उरलेली जहाजे नेल्सनसह समुद्राच्या बाजूने आली, आणि रांगेची आघाडी दोन्हींकडून कात्रीत सापडली. इंग्रजांनी नांगर पिछाडीकडून टाकले होते. वारा मागून असल्यामुळे पुढचा नांगर टाकला असता तर जहाज गर्रकन फिरून शत्रूच्या माऱ्यात उघडे पडले असते. तरीही बेलेरोफोन हे जहाज योजलेल्या जागी न थांबता थेट लोरियांपुढे येऊन पडले व त्याच्या सर्व डोलकाठ्या गेल्या. कलोडन तर उथळावर रुतून लढाईस मुकले. वारा फ्रेंच रांगेच्या आघाडीकडून पिछाडीकडे वाहत असल्याने मागच्या जहाजांस पुढच्यांच्या मदतीस येता आले नाही. रात्री दहाच्या सुमारास लोरियां दारूगोळ्यासह फुटले. तेरांपैकी दोनच जहाजे निसटली.

या रात्रीचे पडसाद आमच्या किनाऱ्यापर्यंत आले. नेल्सनने ही बातमी देऊन एक अधिकारी खुष्कीच्या मार्गाने मुंबईस पाठविला, आणि ईस्ट इंडिया कंपनीने पुढे नेल्सनला दहा हजार पौंड दिले. मिसरातून टिपू सुलतानास मदत येण्याची आशा मावळली. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले. तरीही फ्रेंचांची धास्ती एवढी की त्याच वर्षी इंग्रजी पलटणी गोव्यात येऊन राहिल्या. दोनापावला येथील इंग्रजांचे जुने कब्रस्तान ही त्या वास्तव्याचीच खूण होय.

आता न्यायाचा प्रश्न. बोनापार्टने पॅरिसच्या सरकारास लिहिताना पराभवाचा दोष ब्रुएवर ठेवला. ब्रुए त्याच रात्री गोळा लागून आपल्या जहाजावर मरण पावला होता; त्यास उत्तर देणे शक्य नव्हते. त्याच्यावरील काही आरोप आम्हांस सिद्ध वाटतात. त्याने टेहळणीस जहाजे ठेवली नाहीत, आघाडीपुढील वाट मोकळी ठेवली, आणि दिलेला हुकूम पाळला गेला की नाही हे पाहिले नाही. परंतु अबूकीरचे नाव बोनापार्टच्याच आज्ञेत होते, आणि खलाशी विहिरी खणीत होते ते हौसेने नव्हे. ज्याने उपाशी आरमार परक्या किनाऱ्यावर सोडून सैन्य कैरोकडे नेले, त्याने या खटल्यात न्यायाधीशाच्या आसनावर बसणे उचित नव्हते. मृताविरुद्ध एकतर्फी निकाल मिळविणे सोपे असते. इतिहासाच्या वाचकाने मात्र असा निकाल कायम करण्यापूर्वी दुसऱ्या पक्षाचे कागद मागवून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.