उतरत्या काळातील जो लुई

२६ ऑक्टोबर १९५१ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये आठव्या फेरीत रॉकी मार्सियानोच्या ठोशाने जो लुई दोरांमधून रिंगणाच्या कडेवर कोसळला, आणि पंचाने आकडे पुरते मोजण्याचीही वाट न पाहता झुंज थांबविली. लुई तेव्हा ३७ वर्षांचा होता, मार्सियानो २८ वर्षांचा. मार्सियानो पुढे १९५६ साली एकही पराभव न पाहता निवृत्त झाला. त्याच्या ४९ विजयांच्या यादीत हा एक विजय आहे. लुईच्या नावावर साऱ्या आयुष्यात अवघे तीन पराभव आहेत. त्यांतला हा शेवटचा. एकच रक्कम दोन वह्यांत मांडलेली आहे, एकीत जमेस आणि दुसरीत खर्ची. तिचे मोल कोणत्या वहीत किती धरावे, हा प्रश्न वरवर पाहता शौकिनांच्या गप्पांचा वाटेल. आमच्या मते तो इतिहासाचा प्रश्न आहे, कारण ज्याची ताकद ओसरली आहे अशा पुरुषाचा न्याय कोणत्या दिवसावरून करावा, हे ठरविल्यावाचून कोणतेही चरित्र लिहिता येत नाही.

लुईचा जन्म १३ मे १९१४ रोजी अलाबामात, कापूस पिकविणाऱ्या एका गरीब निग्रो कुटुंबात झाला. १९२६ च्या सुमारास हे कुटुंब डेट्रॉइटला आले. २२ जून १९३७ रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून तो वजनदार गटाचा जगज्जेता झाला आणि १ मार्च १९४९ रोजी स्वतः होऊन पद सोडीपर्यंत जगज्जेताच राहिला. ह्या पावणेबारा वर्षांत त्याने ते पद २५ वेळा राखले. ह्या गटात तो विक्रम आजही अबाधित आहे.

त्याच्या कौशल्याची जात ध्यानात घेतल्याखेरीज त्याचा उतार समजणार नाही. लुई रिंगणात नाचणारा मल्ल नव्हता. तो पाय जवळजवळ घासत संथपणे पुढे सरके, डाव्या हाताच्या सरळ ठोशाने समोरच्याचा तोल बिघडवी आणि फट दिसताच वीतभर अंतरावरून उजवा हात सोडी. ठोशाचा पल्ला जितका आखूड, तितका समोरच्यास सावरण्यास वेळ कमी. मात्र ह्या पद्धतीचा सारा भार डोळा आणि हात ह्यांच्यामधील क्षणावर असतो. तो क्षण किंचित लांबला की फट दिसते, पण हात पोचेपर्यंत ती बुजलेली असते. जोर पुष्कळ दिवस टिकतो, हा क्षण टिकत नाही.

पहिला पराभव मात्र वयाचा नव्हता. १९ जून १९३६ रोजी जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत पाडले, तेव्हा लुई २२ वर्षांचा होता. डावा ठोसा मारून हात मागे घेताना तो खाली सोडतो, ही खोड श्मेलिंगने चित्रपटांवरून हेरली होती. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ रोजी, यांकी स्टेडियममध्ये हे दोघे पुन्हा उभे राहिले आणि १२४ सेकंदांत निकाल लागला. नाझी राजवटीने श्मेलिंगच्या पहिल्या विजयाचा डांगोरा पिटला होता. त्यामुळे ज्या देशात लुईच्या जातीच्या माणसास अनेक उपाहारगृहांत प्रवेश नव्हता, त्या देशाचा तो त्या रात्री प्रतिनिधी ठरला. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सभासद नव्हता आणि पुढे दोघांची मैत्री झाली, हेही येथे सांगितले पाहिजे.

लुईवर आक्षेप घेणारे म्हणतात, त्याचे प्रतिस्पर्धी हलके होते. डिसेंबर १९४० ते जून १९४१ ह्या सात महिन्यांत तो सात जणांशी लढला, आणि वृत्तपत्रांनी त्यांतल्या बहुतेकांची ‘महिन्याचा भिकार गडी’ अशी थट्टा केली. परंतु त्या मालिकेतला सातवा गडी बिली कॉन होता. वजनाने बराच हलका, पण विलक्षण चपळ असा हा मल्ल बाराव्या फेरीअखेर गुणांत पुढे होता. तेराव्या फेरीत लुईने त्याला आडवा केला. जो दर महिन्याला आपले पद पणाला लावतो त्याला सारेच कॉन कोठून भेटणार? वर्षातून एकदा, पारखून घेतलेल्या गड्याशी लढणाऱ्या जगज्जेत्यांपेक्षा हा रोकडा व्यवहार आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

पुढे युद्ध आले. १९४२ च्या आरंभी लुईने दोन झुंजींची आपली मिळकत नाविक दलाच्या व भूदलाच्या साहाय्यनिधींस दिली आणि तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. मार्च १९४२ ते जून १९४६ ह्या काळात, म्हणजे वयाच्या २७ पासून ३२ पर्यंत, त्याने पदासाठी एकही लढत दिली नाही. सैनिकांपुढील प्रदर्शनाच्या झुंजींनी अंग राबते राहते, धार राहत नाही. मुष्टियोद्ध्याची ही ऐन भराची वर्षे. ती वजा जाता जो लुई उरला, त्याच्याच पराभवांवरून लोक त्याला तोलतात.

उतार कोठे सुरू झाला हे पाहावयाचे तर १९५१ कडे जाण्याची गरज नाही. ५ डिसेंबर १९४७ रोजी जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्या फेरीत आणि पुन्हा चौथ्या फेरीत खाली पाडले. पंधरा फेऱ्या झाल्यावर दोन परीक्षकांनी लुईस कौल दिला, रिंगणातील पंचाने वॉलकॉटला. निकाल जाहीर होण्यापूर्वीच लुई स्वतःवर चिडून रिंगण सोडून निघाला होता. त्याला थांबवावे लागले. प्रेक्षकांनी निकालाचा धिक्कार केला. सहा महिन्यांनी, २५ जून १९४८ रोजी, त्याच वॉलकॉटला त्याने अकराव्या फेरीत पाडले. आमच्या मते लुईच्या उतरत्या काळाचा खरा कस ह्या दोन रात्रींत लागला. हात मंदावला आहे हे त्यास कळले होते, आणि मंद हातानेही वाट कशी काढावी हे त्याने शोधून काढले. पुढल्या वर्षी तो निवृत्त झाला. चरित्र येथे संपते तर वादच उरला नसता.

आता वयाच्या सबबीविषयी. वय हे वर्षांत मोजता येत नाही, ह्याचा पुरावा हाच वॉलकॉट आहे. तो लुईपेक्षा काही महिन्यांनी मोठाच. तरीही १८ जुलै १९५१ रोजी एझर्ड चार्ल्सला पाडून तो ३७ व्या वर्षी प्रथमच जगज्जेता झाला. त्याच वर्षी, त्याच वयात, एकास मुकुट मिळाला आणि दुसरा दोरांपलीकडे पडला. दारिद्र्याने वॉलकॉटला वारंवार रिंगणापासून दूर ठेवले होते. लुईची झीज मात्र कीर्तीच्या दराने झाली होती.

शिवाय ही सबब कोणासाठी पुढे केली जाते, हेही पाहण्यासारखे आहे. अजिंक्य म्हणून निवृत्त झालेल्या जिम जेफ्रिझला सहा वर्षांच्या विश्रांतीनंतर गोऱ्यांच्या अब्रूसाठी परत आणले, आणि ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॅक जॉन्सनने त्याला हरविले. तेव्हा ३५ वर्षांच्या जेफ्रिझचे म्हातारपण मोठ्या तत्परतेने निदर्शनास आले. १९१५ साली हवाना येथे ३७ वर्षांचा जॉन्सन सव्विसाव्या फेरीत जेस विलर्डपुढे पडला, त्या वेळी ती कणव दाखविणारे थोडेच निघाले. लुईच्या कारभाऱ्यांनी त्याला पडलेल्या गोऱ्या गड्यापुढे आनंद दाखवू नको असे बजावले होते, ते ह्याच जॉन्सनच्या अनुभवावरून. सबब खरी असली तरी ती सर्वांस एकाच मापाने मिळाली पाहिजे.

निवृत्त लुई परत का आला? आमच्याकडे तालमीतला पैलवान अंग उतरले की वस्ताद होतो; लाल माती त्याला सोडत नाही आणि तोही तिला सोडत नाही. लुईला असे आसन नव्हते. करखात्याचे पाच लाख डॉलरांहून अधिक देणे त्याच्या डोक्यावर होते, आणि व्याजाने ते वाढतच होते. कारभाऱ्यांच्या ढिसाळ हिशेबाने आणि त्याच्या स्वतःच्या सढळ हाताने ही पाळी आणली होती. म्हणून २७ सप्टेंबर १९५० रोजी तो चार्ल्सपुढे उभा राहिला आणि पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. त्यानंतर सलग आठ झुंजी जिंकून तो मार्सियानोपर्यंत पोचला. हे आठ विजय सहसा कोणी सांगत नाही. हरलेल्या दोन झुंजी सर्वांस पाठ असतात.

ह्या दोन पराभवांना लुईच्या कलेच्या हिशेबात आम्ही जवळजवळ शून्य धरतो, आणि त्याच न्यायाने मार्सियानोच्या वहीतही त्या विजयाचे फारसे मोल धरता येत नाही. ते बहुधा त्यालाही ठाऊक होते. झुंजीनंतर लुईच्या खोलीत जाऊन तो रडला असे सांगतात. परंतु शून्य म्हणजे खोडून टाकणे नव्हे. ज्या राज्याने १९४२ साली त्याचे चित्र सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकावर छापले, त्याच राज्याच्या तगाद्याने तो पुन्हा रिंगणात गेला, ही गोष्ट त्या दोन तारखांवाचून समजणार नाही. त्या झुंजी लुईची साक्ष म्हणून कच्च्या आहेत, काळाची साक्ष म्हणून पक्क्या.

नंतरची वर्षे भरभर सांगण्याजोगीच आहेत. १९५६ साली त्याने पैशासाठी कुस्तीचे खेळ केले. पुढे लास व्हेगास येथील सीझर्स पॅलेस ह्या जुगारगृहात पाहुण्यांचे स्वागत करण्याची नोकरी धरली. ११ एप्रिल १९८१ रोजी तेथेच लॅरी होम्सची झुंज पाहण्यास तो चाकांच्या खुर्चीतून आला आणि दुसऱ्या दिवशी वारला. अर्लिंग्टनच्या सैनिकी दफनभूमीच्या नियमांत त्याची सेवा बसत नव्हती. राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांनी नियम शिथिल करून त्यास तेथे जागा दिली.