गाळलेले जीव कुठं सोडायचे?

दूधगंगा कृष्णेला मिळते त्याच्या थोडं अलीकडे, चिकोडी तालुक्यात, सदलगा वसलं आहे. कानडी आणि मराठी दोन्ही घरोघरी बोलल्या जातात असं हे गाव. दिगंबर जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी. आचार्य विद्यासागर म्हणून पुढे देशभर ओळखले गेलेले विद्याधर अष्टगे यांचा जन्म १० ऑक्टोबर १९४६ रोजी इथलाच. त्यांच्याआधी दिगंबर मुनींच्या संघपरंपरेला नवं बळ देणारे आचार्य शांतिसागर भोजचे. वेदगंगा-दूधगंगेच्या संगमाजवळचं ते गाव सदलग्याहून फार लांब नाही.

या टापूतल्या जैन घरांत पाणी भरण्याची एक शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. विहिरीतून घागर वर आली की ती थेट घरात जात नसे. भांड्याच्या तोंडावर जाड सुती फडकं दुहेरी घालून पाणी गाळायचं. फडक्याचं मापही ठरलेलं होतं : छत्तीस अंगुळं लांब, चोवीस अंगुळं रुंद, आणि वीण इतकी घट्ट की आरपार ऊन दिसू नये. गाळलेलं पाणी दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं चालतं. त्यानंतर ते पुन्हा गाळायचं. उकळलं तर मात्र चोवीस तासांची मुदत.

हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं. त्याच्या पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही, आणि खरी गोष्ट तिथंच सुरू होते. पाणी गाळून झालं की फडकं पिळायचं नाही, झटकायचंही नाही. ते उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी हळूच ओतायचं आणि अडकलेले जीव एका भांड्यात उतरवायचे. या पाण्याला जिवाणी म्हणतात. जिवाणी ज्या विहिरीची, त्याच विहिरीत परत गेली पाहिजे. तीही वरून फेकायची नाही, कारण उंचावरून आदळून जीव मरतात. त्यासाठी तळाला कडी असलेलं भांडं दोराला बांधून सावकाश खाली सोडायचं आणि पाण्याला टेकल्यावर पालथं करायचं.

तेराव्या शतकात माळव्यातल्या पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृत’ या ग्रंथात श्रावकाच्या आठ मूळगुणांची जी एक यादी दिली, तिच्यात जीवदयेशेजारी जलगालनाला, म्हणजे पाणी गाळण्याला, जागा आहे. हॉलंडमधल्या अँटनी व्हान लेव्हेनहूकने भिंगाखाली तळ्याच्या पाण्यातले सूक्ष्म जीव पाहिले ते १६७४च्या सुमारास. जीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलने इकॉलॉजी हे नाव दिलं १८६६ मध्ये. आशाधरांना हे शास्त्र आधीच अवगत होतं, असा दावा करण्याची मुळीच गरज नाही. त्यांचा आधार अहिंसेचा होता. पाण्यात जीव आहेत, ते आपल्या हातून मरू नयेत, एवढ्या एका काळजीतून ही सगळी रीत उभी राहिली.

त्या फडक्यावर अडकतं तरी काय? विहिरीच्या पाण्याचा पेला उजेडात धरला तर कधी पांढुरके ठिपके झटके देत पोहताना दिसतात. तो सायक्लॉप्स : लांबी साधारण एक मिलिमीटर, डोक्यावर एकच डोळा, मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. त्याच्या सोबतीला डॅफ्निया असतो आणि त्याहून बारीक रोटिफर. पाण्यातलं हरित शेवाळ हे त्यांचं मुख्य अन्न, आणि माशांची नुकती फुटलेली पिल्लं त्यांच्यावर जगतात. मोठे मासे, खंड्या, पाणकावळे हे सगळे या पायरीच्या वर उभे आहेत. सायक्लॉप्सच्या काही जाती तर डासांच्या बारीक अळ्याही फस्त करतात. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या डासांविरुद्ध गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांत सायक्लॉप्सच्या या जाती मुद्दाम सोडल्या गेल्या.

याच सायक्लॉप्सची दुसरी बाजू महाराष्ट्र-कर्नाटकाच्या खेड्यांनी फार सोसली आहे. ती म्हणजे नारू. अलेक्सी फेडचेंको या रशियन संशोधकाने १८७० मध्ये दाखवून दिलं की नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढतात. तसं पाणी प्यालं की सुमारे वर्षभराने पायावर फोड येतो आणि त्यातून हातभर, कधी मीटरभर लांबीची मादी कृमी बाहेर पडू लागते. आग शमवायला माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो आणि नव्या अळ्या पाण्यात सुटतात. हे चक्र तोडण्यासाठी देशव्यापी मोहीम १९८०च्या दशकात उभी राहिली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांच्या पोहऱ्याने पाणी ओढायच्या विहिरी करणं, सायक्लॉप्सवर औषध टाकणं आणि घरोघरी पाणी फडक्यातून गाळायला लावणं हे तिचे आधार होते. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचं प्रमाणित केलं.

पटकीची गोष्ट याहून अलीकडची. तिचे जिवाणू सायक्लॉप्ससारख्या जीवांना चिकटून राहतात, हे ओळखून संशोधक रीटा कोलवेल, अन्वर हक आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात बायकांना जुन्या साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले.

एवढं सांगून बरेच जण थांबतात. आमची रीत आरोग्याचीच होती, असं म्हणून समाधान मानतात. पण आरोग्यासाठी जिवाणी परत सोडायची काहीच गरज नव्हती. गाळ उकिरड्यावर टाकला असता तरी पोटाचं भलं झालं असतं. रोगाच्या हिशेबाने तर नारूचा सायक्लॉप्स विहिरीत परत सोडणं उलट नुकसानीचंच होतं. रीतीचा हा दुसरा भाग माणसाच्या फायद्यासाठी नव्हता, म्हणून तो जास्त मोलाचा वाटतो.

त्यातली ‘त्याच विहिरीत’ ही अट आज वाचताना थक्क करते. विहिरीतलं पाणी थंड, अंधारं, त्यातले क्षार वेगळे. नदीचं पाणी वाहतं, उन्हाने तापणारं. एकातला जीव दुसऱ्यात टिकेलच असं नाही, आणि टिकला तर तिथल्यांना त्रास देईल. केरळातल्या विहिरींत होराग्लॅनिस नावाचा आंधळा, गुलाबी, बोटाएवढाही नसलेला मासा कधीमधी पोहऱ्यातून वर येतो. भूजलाबाहेर त्याचं घर नाही.

ही अट न पाळल्याची किंमत आपल्या पाण्यांनी मोजली आहे. मलेरिया आवरण्यासाठी गंबुसिया मासा १९२८ मध्ये इटलीतून भारतात आणला. तो डासांच्या अळ्यांबरोबर स्थानिक माशांची अंडी-पिल्लंही खातो. १९५२ मध्ये आणलेला आफ्रिकेतला तिलापिया आज दख्खनच्या तळ्यानद्यांत मुरला आहे. जहाजं एका बंदरात भरलेलं तोलाचं पाणी दुसऱ्या बंदरात ओततात आणि त्याबरोबर परके जीव नेतात, म्हणून जगाला २००४ मध्ये करार करावा लागला. तो लागू झाला २०१७ साली.

विद्यासागरांनी हिंदीत लिहिलेल्या ‘मूकमाटी’ या महाकाव्यात कुंभार विहिरीतून पाणी काढतो तेव्हा बादलीतून एक मासोळी वर येते आणि पुढे तिला पुन्हा विहिरीत पोचवलं जातं. ज्या घरात रोज जिवाणी सोडली जाते तिथं वाढलेल्या कवीला असा प्रसंग सुचावा, यात नवल नाही.

सदलग्यासारख्या गावांत आता नळ आले. नळाला फडकं बांधलेलं अजून दिसतं, पण त्यावर राहिलेलं परत कुठं नेणार? नदी लांब, मध्ये टाकी, टाकीत क्लोरिन. रीतीचा पहिला भाग उरला, दुसऱ्याला जागाच राहिली नाही. दिगंबर मुनींच्या आहारासाठी मात्र आजही विहिरीचंच पाणी लागतं. संघ गावात येणार म्हटलं की चालू विहिरीची शोधाशोध होते, रहाट आणि दोर नीट केले जातात, कडीचं भांडं बाहेर निघतं. ऊसपट्ट्यातल्या विहिरींत खतांचा निचरा झिरपतो, वापर थांबलेल्या विहिरी कचऱ्याने बुजतात. त्यामुळे दरवेळी तशी विहीर सापडायला अधिक फिरावं लागतं.