तीन बहिणी, एक पट आणि न्यायालयाची पायरी

१/ मुलांना खेळात पुढे आणणारे पालक म्हटले की पहाटेची सक्ती, कठोर शिस्त आणि आईवडिलांची अपुरी राहिलेली स्वप्ने आठवतात. मुंबईच्या खाडिलकर कुटुंबाचा इतिहास मात्र पालकत्वाची एक निराळी बाजू दाखवतो.

२/ राष्ट्रीय महिला बुद्धिबळ स्पर्धेचे १९७४ मधील पहिले विजेतेपद वासंती खाडिलकर यांनी मिळवले. पुढे जयश्री यांनी ते ४ वेळा आणि रोहिणी यांनी ५ वेळा पटकावले. तिघी सख्ख्या बहिणी. वडील नीळकंठ खाडिलकर हे ‘नवाकाळ’चे संपादक आणि नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नातू.

३/ हे सारे उपजत बुद्धीचे फळ मानावे काय? तेवढे पुरेसे नाही. बुद्धिबळात आपल्याहून सरस प्रतिस्पर्धी मिळाल्याविना खेळ वाढत नाही, आणि त्या काळी सरस खेळ होता तो पुरुषांच्या स्पर्धेत.

४/ १९७६ मध्ये अवघ्या १३ वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. असे करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्णय जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे यांनीही दिला. त्या स्पर्धेत रोहिणींनी तीन राज्यविजेत्यांना हरवले.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अल्पवयीन मुलीला न्यायालयात स्वतःच्या नावाने एकटीने दाद मागता येत नाही; तिच्या वतीने कुणीतरी वडीलधारे उभे राहावेच लागते. चाली मुलीच्याच असतात, पण पटापर्यंतची वाट मोकळी करणे हे मोठ्यांचे काम.

६/ १९७९ मध्ये जयश्री भारताच्या पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाल्या. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेत्या ठरल्या. पुढे हंगेरीत पोल्गार भगिनींच्या घरालाही हाच प्रश्न भेडसावला: मुलींनी फक्त मुलींशीच का खेळावे?

७/ तरीही या कथेतून पालकत्वाचे सूत्र काढण्याची घाई करू नये. संपादकाच्या घराला जो झगडा पेलला, तो प्रत्येक घराला पेलेलच असे नाही. शिवाय इतिहास विजेत्यांच्याच पालकांची नोंद ठेवतो. तितक्याच निष्ठेने मुलीमागे उभे राहिलेले, पण बंद दारावरूनच परतलेले पालक किती असतील, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.