इटलीच्या सेनिओ नदीवर एकटा लढलेला शिपाई : निमजचे नामदेव जाधव

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्यातलं निमज हे गाव. या गावच्या नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश काळातलं हे शौर्याचं सर्वोच्च पदक. ते सुभेदार नव्हते, नाईकही नव्हते, साधे शिपाई होते. कंपनीत त्यांचं काम निरोप पोचवण्याचं. तरीही ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी इटलीतल्या एका नदीवर त्यांनी एकट्याने जर्मनांच्या तीन मशीनगन चौक्या बंद पाडल्या.

नाव : नामदेव जाधव (सरकारी कागदात इंग्रजी वळणाने ‘जाधाव’)
जन्म : १८ नोव्हेंबर १९२१, निमज
पलटण : ५ वी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली बटालियन
पदक : व्हिक्टोरिया क्रॉस, लंडनच्या सरकारी राजपत्रात १९ जून १९४५ ला जाहीर
निधन : २ ऑगस्ट १९८४, पुणे

मराठी शिपाई इटलीत कसे?

१९३९ ला युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदुस्थान ब्रिटिशांच्या ताब्यात होता. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. सक्तीची भरती नव्हती, नाव नोंदवून लोक जात. कोरडवाहू जमीन, घरात खाणारी तोंडं जास्त आणि महिन्याला हमखास येणारा पगार, यामुळे सातारा, रत्नागिरी, कुलाबा, नगर या भागांतली कितीतरी पोरं पलटणीत गेली. काही घरांत तर बाप पहिल्या महायुद्धात आणि लेक दुसऱ्यात, असंही झालं.

मराठा पलटणीचं केंद्र बेळगावला. तिथून हे जवान आफ्रिका, इराक, ब्रह्मदेश आणि इटलीपर्यंत पोचले. ८ वी हिंदी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये दक्षिण इटलीत टारांटो बंदरावर उतरली. जाधवांची बटालियन याच डिव्हिजनमध्ये होती. इटलीत एकूण ५० हजारांहून जास्त हिंदी सैनिक लढले. डोंगर, चिखल, पाऊस आणि बर्फ, आणि प्रत्येक नदीच्या पलीकडे जर्मन दबा धरून बसलेले, अशी ती लढाई होती.

नदी छोटी, बांध मोठे

१९४४-४५ चा हिवाळा दोन्ही फौजांनी सेनिओ नदीच्या आसपास काढला. रुंदीने बघितलं तर सेनिओ म्हणजे आपल्याकडचा ओढाच. जिथे मराठे लढले तिथे पात्र फक्त १५ फूट रुंद, पाणी ४ ते ५ फूट खोल. अडचण होती ती बांधांची. पूर अडवण्यासाठी दोन्ही काठांवर ३० ते ३५ फूट उंच, सरळसोट मातीचे बांध घातलेले. जर्मनांनी हे बांध आतून पोखरून त्यात खंदक आणि चौक्या केल्या होत्या. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या, म्हणजे पाण्याकडच्या उतारावर वरून सुरुंगही पेरलेले.

९ एप्रिल १९४५ ला दोस्त राष्ट्रांचा शेवटचा मोठा हल्ला सुरू झाला. दुपारपासून विमानांनी बॉम्ब टाकले, तोफांनी भडिमार केला आणि संध्याकाळी पायदळ पुढे निघालं. मराठ्यांची एक कंपनी पूर्वेच्या बांधावर चढली. ठरल्याप्रमाणे ३ मिनिटांनी दुसरी कंपनी तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा बांध घेणार होती.

त्या संध्याकाळी काय घडलं?

नामदेव जाधव कंपनीचे ‘रनर’ होते. कमांडरचा हुकूम तोंडी किंवा चिठ्ठीने पुढच्या तुकडीला पोचवायचा आणि तिकडची खबर परत आणायची, हे रनरचं काम. म्हणून ते कंपनी कमांडरबरोबर, पुढच्या तुकडीच्या अगदी मागे होते.

पाण्यातून चालत हे लोक पश्चिम काठावर बाहेर पडत होते, तेवढ्यात पाठीमागून गोळ्या आल्या. पूर्वेच्या बांधाच्या पोटात दडलेल्या निदान तीन चौक्या अजून जिवंत होत्या. कंपनी कमांडर आणि दोन जवान जखमी झाले. बाकीचे सगळे जागीच गेले. धडधाकट उरले ते एकटे जाधव.

त्यांनी आधी एका जखमीला उचललं, त्याला घेऊन पाण्यातून मागे आले आणि सुरुंग पेरलेल्या उभ्या बांधावरून त्याला सुरक्षित जागी नेलं. मग परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं. दोन्ही खेपांना वरून तोफगोळे आणि मशीनगनचा मारा चालूच होता.

एवढ्यावर थांबले असते तरी त्यांना कोणी नाव ठेवलं नसतं. पण त्या चौक्या चालू असेपर्यंत मागच्या कंपन्यांना हलता येणार नव्हतं. जाधव तिसऱ्यांदा बांध ओलांडून गेले. पहिल्या चौकीवर धावून जाऊन टॉमी गनने ती बंद पाडली. यात त्यांच्या हाताला गोळी लागली. बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब काढले. हातबॉम्ब संपत आले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेतले आणि परत फिरले. अशा रीतीने आणखी दोन चौक्या संपवल्या.

पूर्वेच्या बांधावरची मशीनगन थांबली. तोफगोळे मात्र पडतच होते. तशात जाधव बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले, मराठ्यांची युद्धगर्जना दिली आणि हाताने खुणा करून बाकीच्या जवानांना नदीपार बोलावलं. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही या रेजिमेंटची गर्जना आजही आहे.

त्यांच्या या कामगिरीमुळे दोन बटालियनना नदीचे काठ पक्के धरता आले, असं पदकाच्या सरकारी मजकुरात नोंदलं आहे. दुसऱ्या दिवशी जवळचं लुगो शहर जर्मनांच्या हातून सुटलं. २३ दिवसांनी, २ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती अमलात आली.

एकटे जाधवच नाहीत

त्याच संध्याकाळी, त्याच नदीवर, १३ व्या फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाही अशाच कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले ६ हिंदी सैन्यातल्या जवानांचे.

या सहांमध्ये आणखी एक मराठी गडी आहे, रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे मशीनगनवर धावून गेले. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या तेव्हा नळीकडून धरून तिच्या दस्त्याने शेवटच्या दोघांना लोळवलं. लगेच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते पडले. वय होतं २२. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीत माँतोने या गावी २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभं राहिलं.

युद्ध कोणाचं, जीव कोणाचा?

हा प्रश्न तेव्हाही होता. १९४२ ला ‘चले जाव’ची हाक आली. सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होतं, आणि त्याच मुलखातली पोरं इंग्रजांच्या पलटणीतून इटलीत लढत होती. स्वातंत्र्यानंतर यांच्या आठवणी फारशा कोणी लिहून ठेवल्या नाहीत. शिपाई परत आला, औताला लागला, आणि पदकं ट्रंकेत राहिली. जाधवांचं काम टिकलं कारण ते राजपत्रात छापलं गेलं. बाकीच्यांचं गावातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर संपत चाललं आहे.

तुमच्या घरातला सैनिक शोधायचा असेल तर

• युद्धात मरण पावलेल्यांची यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवर आहे. मोबाइलवर फुकट शोधता येते. बऱ्याच नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव आणि गाव दिलेलं असतं.

• नाव इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहून बघा. जाधव, घाडगे, शिंदे ही आडनावं तेव्हाच्या कारकुनांनी वेगवेगळी लिहिली आहेत.

• जिल्ह्याचं जुनं नाव टाका. रायगडसाठी कुलाबा, सिंधुदुर्गसाठी रत्नागिरी, सांगलीच्या बऱ्याच गावांसाठी सातारा, जळगावसाठी पूर्व खानदेश, धुळ्यासाठी पश्चिम खानदेश.

• कबर सापडली नाही म्हणून नोंद नाही असं समजू नका. हिंदू आणि शीख जवानांचं अनेकदा दहन झालं. त्यांची नावं दहन स्मारकांवर कोरली आहेत. इटलीत फोर्ली इथे अशी जवळपास ८०० नावं आहेत, सँग्रो नदीजवळच्या स्मारकावर ५०० हून जास्त.

• जिवंत परतलेल्यांची नावं या यादीत मिळणार नाहीत. त्यासाठी घरातलं डिस्चार्ज पुस्तक, पेन्शनचे कागद आणि पदकं बघा. पदकाच्या कडेवर बऱ्याचदा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. पलटणीचा नंबर हाताशी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पुढची चौकशी सोपी जाते.

• कागद जीर्ण झाले असतील तर आधी त्यांचे फोटो काढून ठेवा. घरात ऐंशी-नव्वदीतलं कोणी असेल तर त्यांना आजच विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा.