कंटेनरमधील प्रणाली-निरीक्षण

संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क यांच्या वापराची नोंद घेणारे सॉफ्टवेअर थेट संगणकावर न बसवता सॉफ्टवेअर कंटेनरच्या आत चालविणे, यास कंटेनरमधील प्रणाली-निरीक्षण म्हणतात. टॉप, एचटॉप, ग्लान्सेस, नोड एक्स्पोर्टर, सीअॅडव्हायझर ही अशा साधनांची परिचित उदाहरणे होत. कंटेनरचे प्रयोजन आतील प्रोग्रॅमला बाहेरचे काही दिसू न देणे हे असते, तर निरीक्षकाचे काम सर्व काही पाहणे हे असते. या विषयातील बहुतेक अडचणी या विरोधातून उद्भवतात.

पार्श्वभूमी

कंटेनर हा स्वतंत्र संगणक नव्हे. तो यजमान संगणकाचेच लिनक्स कर्नल वापरतो. त्याचे वेगळेपण कर्नलमधील दोन सुविधांवर उभे आहे. नेमस्पेस ही सुविधा प्रोग्रॅमला काय दिसावे हे ठरविते, तर सीग्रुप ही त्याला किती वापरता यावे हे ठरविते. सीग्रुपचे काम २००६ मध्ये गूगलमध्ये सुरू झाले व जानेवारी २००८ मधील लिनक्स २.६.२४ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे कंटेनरचा वापर सर्वदूर पसरला.

आतून दिसणारे चित्र

लिनक्समधील निरीक्षण साधने आपली माहिती प्रामुख्याने ‘प्रॉक’ या आभासी फाइल-प्रणालीतून घेतात. कंटेनरमध्ये टॉप चालविल्यास प्रक्रियांच्या यादीत केवळ त्या कंटेनरमधील प्रक्रिया दिसतात, कारण प्रक्रियांना नेमस्पेस आहे. एकूण मेमरी व सरासरी भार यांना मात्र तशी नेमस्पेस नाही. त्यामुळे वरच्या ओळींत सबंध यजमान संगणकाचे आकडे येतात. भाड्याच्या खोलीत राहून साऱ्या वाड्याचे वीजमीटर वाचावे, तसा हा प्रकार आहे. आकडे खोटे नसतात. ते दुसऱ्याच गोष्टीचे असतात.

याचा परिणाम केवळ पडद्यापुरता राहत नाही. जावाची जुनी आवृत्ती आपल्या मेमरीची कमाल मर्यादा संगणकाच्या एकूण मेमरीच्या एक चतुर्थांश धरीत असे. ६४ जीबीच्या यजमानावरील कंटेनरला २ जीबीची मर्यादा घातली, तरी जावा १६ जीबीपर्यंत जाण्याची मुभा गृहीत धरी आणि २ जीबी ओलांडताच कर्नल ती प्रक्रिया संपवून टाकी. अशा वेळी डॉकरमध्ये बहुधा १३७ हा निर्गमन-संकेत दिसतो. जावा १० मध्ये (२०१८) हा दोष दूर झाला. पुढे जावा ८ च्या नव्या उपआवृत्त्यांतही ती सुधारणा आणली गेली.

कंटेनरची खरी मर्यादा व खरा वापर सीग्रुपच्या फाइलींत मिळतो. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘मेमरी डॉट मॅक्स’ ही मर्यादेची व ‘मेमरी डॉट करंट’ ही चालू वापराची फाइल असते. एलएक्ससीएफएस ही व्यवस्था ‘प्रॉक’मधील काही फाइलींच्या जागी सीग्रुपनुसार आकडे दाखविते, त्यामुळे जुनी साधने न बदलताही उपयोगी पडतात.

यजमानाचे निरीक्षण

सबंध संगणकाचे निरीक्षण करावयाचे असल्यास भिंतीला हेतुपुरस्सर खिडक्या पाडाव्या लागतात. यजमानाची प्रक्रिया-नेमस्पेस व नेटवर्क-नेमस्पेस कंटेनरला दिली जाते आणि यजमानाची मूळ फाइल-प्रणाली केवळ वाचनासाठी आत जोडली जाते. ती कोठे जोडली आहे, हे साधनालाही सांगावे लागते. अन्यथा ते स्वतःच्याच कंटेनरचे मोजमाप करीत बसते. नोड एक्स्पोर्टरच्या अधिकृत माहितीतही ही सावधगिरी सांगितली आहे. कुबरनेटीसमध्ये ‘डेमनसेट’द्वारे प्रत्येक संगणकावर निरीक्षकाची एकेक प्रत चालविता येते.

सुरक्षा

इतर कंटेनरांची नावे व स्थिती कळावी म्हणून अनेक साधनांना डॉकरचे सॉकेट जोडून दिले जाते. ते केवळ वाचनासाठी जोडले की धोका टळतो, हा समज चुकीचा आहे. ती अट सॉकेटच्या फाइलीला लागू होते, तिच्यामधून जाणाऱ्या आज्ञांना नव्हे. सॉकेटपर्यंत पोहोचलेला प्रोग्रॅम नवा कंटेनर सुरू करून यजमानाचे सर्वाधिकार मिळवू शकतो. म्हणून मोजक्याच आज्ञा पुढे जाऊ देणारा मध्यस्थ प्रोग्रॅम ठेवणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचा स्क्वेअर किलोमीटर अॅरे या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीच्या नियंत्रण व निरीक्षण सॉफ्टवेअरमध्ये महत्त्वाचा वाटा आहे. हे सॉफ्टवेअर टँगो या चौकटीवर आधारलेले असून ते कुबरनेटीसवर कंटेनरांच्या रूपात चालविले जाते. तेथे प्रामुख्याने दुर्बिणीच्या उपकरणांची स्थिती पाहिली जाते. ती उपकरणे चालविणाऱ्या संगणकांचे निरीक्षण ही त्याहून वेगळी बाब आहे.